बस भरली की तुंबली?

प्रश्न : नमस्कार बाई. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरची. माझा मुलगा मराठी माध्यमात सातवीत आहे. सहामाहीच्या आधी वर्गात 'माझा शाळेचा प्रवास' हा निबंध दिला होता. त्यात त्यानं लिहिलं, 'बस आली, पण तुंबून आली होती. मी दारातच लोंबकळत शाळेपर्यंत गेलो.' वही तपासून आली तेव्हा 'तुंबून' या शब्दावर लाल रेघ होती, वर 'खचाखच भरून' असं लिहिलं होतं आणि समासात शेरा होता, 'कानडी शब्द टाळा'. पोरगा हिरमुसला. मला विचारतो, 'आई, आपण घरात बोलतो ते मराठी नाही काय?' मला नीट सांगता आलं नाही. 'तुंबणे' हा शब्द मराठी की कानडी? आणि बसला तो चालतो काय?

उत्तर : ताई, तुमच्या मुलाचं ते वाक्य मी तीनदा वाचलं. आज रात्री जेवताना त्याला सांगा, की 'तुंबणे' हा मराठी शब्द आहे, जुना आहे, आणि तू तो नेमक्या जागी वापरलास. बाकीचं सगळं त्यानंतर.

जुना म्हणजे किती? मोल्सवर्थचा मराठी कोश पहिल्यांदा 1831 साली निघाला आणि 1857 साली त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती आली. तिच्यात 'तुंबणें' आहे. वाहतं पाणी अडून साचणं, पाट किंवा मोरी चोंदणं, हाच भाव तिथं आहे. आजही मुंबईपासून चंदगडपर्यंत कुणालाही 'मोरी तुंबली' म्हणा, तो सरळ सळई शोधायला उठेल. तेव्हा शब्द परका ठरवायचं काही कारण नाही.

आता अर्थाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथं आहे. तुंबण्यात भरणं आहेच, पण त्याच्या पोटात अडणंही आहे. जे पुढं जायला निघालंय त्याला वाट मिळत नाही, मागून येणारं थांबत नाही, आणि मधल्या जागेवर ताण येतो. एवढं सगळं त्या तीन अक्षरांत बसलंय. मी वर्गात मुलांना एक साधा प्रश्न विचारायला लावायची, 'कशानं?' टाकी कशानं भरली? पाण्यानं. गटार कशानं तुंबलं? इथं कुणी 'पाण्यानं' म्हणत नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी, गाळानं, कुणीतरी टाकलेल्या जुन्या गादीच्या कापसानं. भरण्याला जे भरलं त्याचं नाव लागतं, तुंबण्याला ज्यानं अडवलं त्याचं. शिवाय 'गटार तुंबलं' म्हणता येतं तसं 'पाणी तुंबलं' असंही म्हणता येतं. अडलेली जागा आणि अडलेली वस्तू, दोघांनाही हे क्रियापद एकसारखं लागतं.

तुम्ही येळ्ळूरच्या, म्हणजे बळ्ळारी नाला तुम्हाला मी सांगायला नको. पावसाळ्यात नाला भरून वाहिला तर आपल्याला त्यात दुःख नसतं, तो वाहतोय तोवर ठीक आहे. पण जलपर्णी माजली, गाळ बसला, पुढं पाण्याला वाट राहिली नाही की मग शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात पाणी पसरतं आणि लावलेलं भात कुजतं. त्या दिवशी शेतकरी 'नाला भरला' म्हणत नाही. 'नाला तुंबालंय' म्हणतो, आणि बासमतीचं वर्षाचं पीक डोळ्यासमोरून जातं. शेजारी राकसकोप जलाशयाकडं बघा. पाण्याची पातळी 2475 फुटांवर पोचली की 'राकसकोप तुडुंब भरलं' अशी बातमी येते आणि सगळं बेळगाव सुटकेचा श्वास सोडतं, कारण शहराचं पिण्याचं पाणी तिथूनही येतं. 'राकसकोप तुंबलं' असं कुणी छापत नाही, छापणारही नाही. तुडुंब मध्ये समाधान आहे, तुंबण्यात काळजी आहे.

अपवाद एकच, आणि तोही आपल्याच शिवारातला. भातलावणीच्या आधी चिखल करायला बांधाचं तोंड बुजवून पाणी मुद्दाम धरून ठेवतात. त्याला 'पाणी तुंबवणे' म्हणतात आणि त्यात काही वाईट नाही. अडवणारा आपण असलो की तुंबणं कामाचं होतं.

मग कानडीचं काय? तुमच्या मुलाच्या बाईंनी हवेत शेरा मारलेला नाही. कानडीत 'तुंबु' हे क्रियापद आहे, रोजच्या वापरातलं. किट्टेलचा कानडी कोश 1894 साली मंगळूरला छापला गेला, त्यातही ते आहे आणि अर्थ आहे भरणं, पूर्ण होणं. कोड तुंबितु, घागर भरली. होट्टे तुंबितु, पोट भरलं. अडण्याचा त्यात मागमूस नाही. म्हणून आपल्या भागात दोन 'तुंब' एकाच गल्लीत राहतात. दिसायला सारखे, स्वभावानं वेगळे.

हे मला कोशातून कळलं नाही. मी 1979 साली लग्न होऊन वेंगुर्ल्याकडून बेळगावात आले. आमच्याकडे तुंबायची ती मोरी, नाहीतर पावसात परसातली पन्हळ. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात शेजारच्या अज्जींनी दारातून हाक मारली, 'उडि तुंबतीनि, बा.' मला त्यातलं 'तुंब' तेवढं कळलं आणि मी जागीच थांबले. काय तुंबलं यांचं, असं मनात आलं. त्यांनी मला हाताला धरून पाटावर बसवलं. पदर पुढं धरायला लावला. त्यात गुळेदगुड्डचा खण, नारळ, हळकुंड, सुपारी, खारका, गुळाचा खडा, आणि मग ओंजळीनं तांदूळ. एक, दोन, तीन, चार, पाच. पदराचं वजन वाढत गेलं तसं मला दोन्ही हातांनी तो सावरावा लागला. तांदळाचे चार दाणे पाटावर सांडले, ते अज्जींनी एकेक करून वेचले आणि परत पदरात टाकले. उडि तुंबणं म्हणजे ओटी भरणं. माझ्या माहेरी जो शब्द नाक मुरडून उच्चारायचे तो इथं हळदीकुंकवाच्या ताटात होता. अज्जी आता नाहीत. पण सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर अजूनही ओटी भरायला आलेल्या बायका शेजारी शेजारी उभ्या राहतात. एक 'ओटी भरते' म्हणते, दुसरी 'उडि तुंबतीनि' म्हणते, आणि दोघींच्या पदरात तोच नारळ असतो.

नवी सून उंबरा ओलांडते त्यालाही कानडीत 'मने तुंबिसिकोळ्ळुवुदु' म्हणतात, म्हणजे तिनं घर भरवून घ्यायचं. आणि एक म्हण आहे, 'तुंबिद कोड तुळुकुवुदिल्ल.' भरलेली घागर हिंदकळत नाही. आपण 'उथळ पाण्याला खळखळाट फार' म्हणतो, त्याचीच ही दुसरी बाजू. मला ही जास्त आवडते, कारण आपण उथळ पाण्याचा दोष सांगतो आणि ती भरल्या घागरीचा गुण सांगते. (जाता जाता एक. सिनेमात 'तुंबा चेन्नागिदे' ऐकून पुष्कळांना वाटतं की कानडीत 'खूप'ला तुंबाच म्हणतात. ती बेंगळुरूकडची ढब. आपल्या बाजूचा कानडी माणूस 'बाळ चलो ऐति' म्हणतो.)

हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे असावेत असं मला वाटतं. आवाज तोच, भरण्याचं बीज तेच, मराठीत येताना किंवा मराठीत राहताना त्याला अडण्याचं काटेरी कुंपण लागलं. भाषेत असं होतं, एक शब्द शेजाऱ्याकडे प्रशस्त राहतो आणि आपल्याकडे एका खोलीत राहायला जातो. पण मूळ कानडी असलं तरी शब्द टाळायचा कशासाठी? मुलानं निबंधात 'तूप' लिहिलं असतं तर समासात 'कानडी शब्द टाळा' असं आलं असतं का? कानडीत ते तुप्प. अक्का, अण्णा, अडकित्ता, यांच्यावर कोण लाल रेघ मारतं? या शब्दांचं कानडीशी नातं अभ्यासकांनी केव्हाच दाखवून दिलंय आणि त्यांच्यावाचून आपलं घर चालत नाही.

मात्र एक गोष्ट मी लपवणार नाही. आपल्याकडे बोलताना कानडीचा सैल अर्थ मराठी 'तुंबणे'त शिरतो. 'टाकी तुंबली, मोटर बंद कर' असं शहापुरात मी रोज ऐकते. जेवण झाल्यावर 'पोट तुंबलं' म्हणणारेही ऐकलेत. घरात, गल्लीत याला माझी हरकत नाही, ऐकणाऱ्याला कळतं. पण हेच वाक्य पुण्याच्या डॉक्टरासमोर बोललं तर तो पोट साफ व्हायचं औषध लिहून देईल. म्हणून मुलाला एवढं सांगा, की टाकी भरते, पोट भरतं, विहीर भरते. लिहिताना तिथं 'तुंबणे' नको.

शरीराच्या बाबतीत तर मराठी फारच काटेकोर आहे. नाक चोंदतं, कानाला दडे बसतात, घसा बसतो, गळा दाटून येतो, डोळे भरून येतात, पोट फुगतं, पाय सुजतो, रक्त साकळतं, पान्हा दाटतो आणि लघवी तुंबते. एकाची जागा दुसऱ्याला देऊन बघा, लगेच खटकतं. मार लागून किंवा विकारानं वाढतं ते सुजणं, वाऱ्यानं किंवा पाण्यानं वाढतं ते फुगणं. पुरी फुगते, सुजत नाही. आणि भिजवलेली डाळ फुगते पण शिजलेला भात फुलतो, हे ज्या बाईनं पहिल्यांदा म्हटलं तिला माझा नमस्कार.

पाण्यापासून निघालेला हा शब्द पुढं कचेरीतही गेला. कामं तुंबतात, पगार तुंबतो, कोर्टात खटले तुंबतात. इथंही अडणं आणि मागून येत राहणं हेच आहे. एकटं काम रखडतं, त्याच्यामागची रांग तुंबते. आपल्या सीमाभागाचा दावा महाराष्ट्रानं 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला, तो रखडलाय, त्याला 'तुंबला' म्हणता येणार नाही. पण त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या लोकांच्या मनात जे साठलंय त्याला तुंबणं हाच शब्द आहे.

आता परत बसकडे. 11 जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली, बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. मी स्वतः तिचा लाभ घेते आणि ती चांगलीच आहे. पण शाळा-कॉलेजच्या वेळेला बस कशा येतात ते तुम्ही बघता. आतल्याला उतरायचंय, दारात जागा नाही. दारातल्याला आत जायचंय, पुढचा हलत नाही. कंडक्टर 'मुंद होग्री, मुंद होग्री', म्हणजे पुढं सरका, म्हणून घसा कोरडा करतो आणि माणसं इंचभर सरकत नाहीत. याला मराठीत काय म्हणावं? 'खचाखच भरली' म्हटलं तर बसमधली गर्दी दिसते. दारात अडकलेला तुमचा मुलगा दिसत नाही. 'तुंबली' म्हटलं की दोन्ही दिसतं. त्यानं पुढच्याच वाक्यात 'दारातच लोंबकळत' असं लिहिलंय. शब्द आणि प्रसंग एकमेकांना धरून आहेत.

त्याच्या बाईंवर राग धरू नका. चाळीस-पन्नास वह्या, संध्याकाळची वेळ, आणि आपल्या मुलांचं मराठी कुणी हिणवू नये ही भीती. मी एकतीस वर्षं शिकवलं, मी स्वतः अशा रेघा मारल्या आहेत. एका मुलानं 'पाऊस आला, खरं आम्ही भिजलो नाही' लिहिलं होतं. आपल्याकडे 'पण' ऐवजी 'खरं' म्हणतात, त्याच्या घरी तसंच बोलायचे. मी तो शब्द खोडला आणि त्याला काहीच समजावलं नाही. तो मुलगा पुढं वर्षभर निबंधात तीन ओळींपेक्षा जास्त लिहायचा नाही. खोडण्याआधी त्याला जवळ बोलवून दोन मिनिटं सांगायला हवं होतं. ते राहिलं, याची मला अजून चुटपुट आहे. म्हणून विनंती करते, तुम्ही शाळेत जा, भांडायला नको, हे सदर दाखवायला जा. तो शेरा खोडून त्याजागी 'छान' लिहिता आलं तर बाईंनाही बरं वाटेल.

प्रश्न : मी सदलग्याचा, दूधगंगेच्या काठची शेती आहे. पावसाळ्यात पेपरात 'अलमट्टीचा फुगवटा', 'कृष्णेचा फुगवटा' असं येतं. आमच्यात 'मागचं पाणी' म्हणतात. फुगवटा आणि पूर एकच काय? शब्द बरोबर आहे काय?

उत्तर : भाऊ, एकच नव्हे, आणि नदीकाठच्या माणसानं हा फरक मला शिकवावा. तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. पूर वरून येतो, फुगवटा खालून चढतो. काळम्मावाडी धरणाच्या बाजूला पाऊस झाला, पाणी सुटलं, नदी चढत तुमच्यापर्यंत आली, हा पूर. पण पुढं कल्लोळजवळ दूधगंगेला कृष्णेत शिरायचंय आणि कृष्णाच आधी काठोकाठ आलेली आहे, तर दूधगंगेचं पाणी जाणार कुठं? ते थबकतं, मागच्या मागं पसरतं, चढतं. पाऊस उघडला, ऊन पडलं, तरी शिवारातलं पाणी हटत नाही. तो फुगवटा. पुराचं पाणी गढूळ आणि धावतं असतं, फुगवट्याचं मुकं. बांधावर काडी टाकली तर ती जागीच फिरते.

शब्दाची घडण अगदी आपली आहे. उंच वरून उंचवटा, फुग वरून फुगवटा. दोन्हीत 'वटा' आहे. (पाणवठ्यातला 'ठ' वेगळा, तो इथं आणू नका. 'फुगवठा' असं लिहिलेलं मी पाहिलंय, ते चूक.) उंचवटा हा जमिनीचा, फुगवटा हा पाण्याचा. आणि पाण्याला खरोखरच असा उंचवटा येतो. आपल्याला वाटतं, धरणामागचं पाणी आरशासारखं सपाट असतं. वाहत्या नदीत तसं नसतं. अडथळ्याजवळ पातळी नेहमीपेक्षा सगळ्यांत जास्त चढलेली, आणि तिथून मागं नदीच्या मूळ उतारापर्यंत पाण्याच्या पाठीला लांबलचक बाक असतो. तो बाक कुठं संपतो यावर कुणाचं शेत बुडणार ते ठरतं. कर्नाटकात कृष्णेवर जे अलमट्टी धरण आहे त्याची पूर्ण पातळी 519.60 मीटर. ती 524.256 मीटरपर्यंत नेण्याचा कर्नाटकाचा बेत आहे आणि सांगली-कोल्हापूरकडून त्याला विरोध होतोय. तो सगळा वाद या बाकाच्या टोकाबद्दलच आहे. कुणाच्या पाण्यानं कुणाचं किती बुडालं याचा निवाडा पाणी मोजणाऱ्यांनी करायचा, पण त्यासाठी वापरलेला शब्द चोख आहे एवढं मी सांगू शकते. तुमचं 'मागचं पाणी' तर त्याहून सोपं आणि तितकंच खरं. ते सोडू नका.

नदीची भाषा आपल्याकडे किती तपशिलाची आहे बघा. नदीला पाणी येतं, मग ती चढते, फुगते, दुथडी भरून वाहते. थड म्हणजे काठ, दोन्ही काठ लागले की दुथडी. मग ती पात्राबाहेर पडते. 2019 आणि 2021 साली पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला, ते पात्राबाहेर पडणं. शेवटी पूर ओसरतो आणि फुगवटा उतरतो. नरसोबाच्या वाडीला कृष्णेचं पाणी चढत चढत उत्तरेच्या दारानं देवळात येतं आणि पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तेव्हा त्याला कुणी पूर म्हणत नाहीत, 'दक्षिणद्वार' म्हणतात आणि लोक त्यात स्नानाला जातात. पाणी तेच, फुगणं तेच.

घराबद्दल एक सांगते, विचारलं नाही तरी. मातीच्या भिंतीलाही फुगवटा येतो. चार दिवस झड लागली की पांढऱ्या मातीची भिंत आतून पाणी पिते आणि मधेच पोट काढल्यासारखी दिसते. दर पावसाळ्यात आपल्याकडे अशा भिंती पडून माणसं जातात. भिंतीवर हात फिरवून बघा. गोलाई हाताला लागली तर त्या रात्री तिच्याकडेला कुणाला झोपू देऊ नका.

प्रश्न : तुंबळ युद्ध, तुंबडी भरणे, तुंबणे हे सगळे एकाच घरचे काय? – एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : नाही बाळ. तुंबळ हा संस्कृत 'तुमुल' वरून आला, त्याचा अर्थ गोंगाटाचा, घनघोर. त्याचा पाण्याशी संबंध नाही. तुंबडी ही तुंब्याची, म्हणजे कडू भोपळ्याची. तो पोखरून वाळवला की त्याचं भांडं होतं. बैरागी त्यात भिक्षा घ्यायचे, म्हणून 'आपली तुंबडी भरणे', आणि वैदू तीच अंगाला लावून अशुद्ध रक्त ओढून काढायचे, म्हणून 'तुंबडी लावणे'. तुंबणे वेगळं, त्याचं वर सांगितलं आहे.

प्रश्न : दूध 'उतू गेलं' की 'ओतू गेलं'? सासूबाई नुसतं 'दूध उतलं' म्हणतात. कहाणीत शेवटी 'उतू नको, मातू नको' येतं, ते हेच उतणं काय? – एक वाचक, निपाणी

उत्तर : 'ओतू गेलं' चूक. ओतणं आपण हातानं करतो, उतणं दूध आपणहून करतं. सासूबाईंचं 'उतलं' बरोबर आहे आणि 'उतू गेलं' हेही बरोबर. मूळ क्रियापद उतणे, त्याचं नाम ऊत. 'शिळ्या कढीला ऊत' म्हणतो तोच हा ऊत. नाम एकटं असलं की ऊ दीर्घ, पुढं काही जोडलं की ऱ्हस्व : ऊत, पण उताला. मूल, मुलाला तसं.

उतायला आच लागते. नुसतं काठावरून गेलं तर ते ओसंडणं. घागर ओसंडते, ती उतत नाही. म्हणून माया ओसंडते म्हणताना कौतुक असतं आणि 'प्रेम उतू चाललंय' म्हणताना टोमणा, कारण उतण्यात फेसच जास्त असतो. भांड्यात पाव लिटर दूध असतं, वर येताना ते काठोकाठ दिसतं आणि आच काढली की तळाला जाऊन बसतं. कहाणीतलं 'उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको' हे तेच उतणं. व्रताचं फळ मिळालं, घरात चार पैसे आले, तर त्या आचेनं वर येऊ नकोस. उतणं आणि मातणं मिळून 'उतमात' हा शब्द झाला. कुंदा, ही आपली बेळगावची मिठाई, करताना बघा, दूध तासन्तास आटवतात पण आच अशी ठेवतात की ते एकदाही उतत नाही. पळी सारखी फिरत असते, कडेची साय सोडवून आत ढकलत.

आणि एक दिवस मात्र दूध मुद्दाम उतू घालवायचं असतं, रथसप्तमीला. माझ्या सासूबाई अंगणात तुळशीपुढं पाच गोवऱ्या रचायच्या, त्यावर बोळक्यात दूध, तोंड पूर्वेला. धूर डोळ्यांत जायचा, आम्ही सगळ्या जावा पदर नाकाला लावून वाट बघत उभ्या. साय आधी आक्रसते, मग मधून फुगते, मग एका बाजूनं पांढरी धार गोवरीवर येते आणि चर्र असा आवाज होतो. धार कुठल्या दिशेला गेली ते त्या बघायच्या. शेजारच्या अज्जी कुंपणापलीकडून विचारायच्या, 'हालु उक्कितेनव्वा?' उतलं काय गं? आणि सासूबाई इकडून सांगायच्या, 'उतलं, उतलं.'